किलोमीटर दोनशे चौदा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस न करता काही घेणारा माणूस विरळाच. सगुण परबाने मात्र त्या दिवशी वहाणांचा भाव केलाच नाही. चामड्याच्या, जाड तळाच्या, स्वतःच्या पायापेक्षा चांगल्या तीन बोटं लांब वहाणा त्याने निवडल्या. विकणाऱ्या म्हाताऱ्याने एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं, एकदा वहाणांकडे, आणि काही न विचारता त्या कागदात बांधून दिल्या. पेडण्याकडचा माणूस एवढ्या मोठ्या वहाणा कोणासाठी नेतो, हे म्हापशात सांगावं लागत नाही. सगुण पुडकं काखेत धरून बसमध्ये चढला आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून खूशही झाला.

वहाणा सीमेवरच्या राखणदारासाठी होत्या. सगुणच्या गावाला लागून मोठा सडा आहे, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडंबोडकं माळरान. सड्याच्या टोकाला एक उभा दगड आहे, ते राखणदाराचं थळ. खांद्यावर कांबळं आणि हातात काठी घेऊन तो रोज गावची सीमा फिरतो, आणि कोणाला चकवा लागला तर त्याच्या पुढे चालत त्याला घरापर्यंत आणून सोडतो, अशी गावाची श्रद्धा. वर्षातून एकदा त्याला नव्या वहाणा द्यायच्या आणि जुन्या उचलायच्या. जुन्यांचे तळ झिजून पार पातळ झालेले असतात. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण वहाणा झिजतात हे सगळ्या गावाने पाहिलेलं आहे.

यंदाची पाळी खरं तर परबांची नव्हती. सगुणने ती मागून घेतली होती. तीन वर्षांनी तो आखातातून सुटीवर आला होता आणि राखणदाराचे आभार मानल्याशिवाय त्याला घास गोड लागणार नव्हता.

सगुण रेल्वेच्या आखणीतला माणूस. पेडण्याच्या बोगद्याचं काम चाललं तेव्हा तो विशीतला पोरगा होता आणि मोजणीची पट्टी धरून उभा राहायचा. तिथल्या ओल्या मातीने त्याला काम शिकवलं. पुढे तो आखातात गेला, तिथे वाळवंटातून विजेवर धावणाऱ्या वेगवान गाडीचा मार्ग बांधत होते. तासाला तीनशे किलोमीटर! चिखलातून सुटलो म्हणून सगुण हसत गेला होता. तिथे गेल्यावर हसू मावळलं. संध्याकाळी ठोकलेल्या खुंट्या सकाळी वाळूखाली गेलेल्या असत. दुपारी रूळ तापून असे फुगत की हात लावला तर कातडी चिकटून राहायची. वरच्या तारांच्या चिनी मातीच्या वाट्यांवर पहाटेचं दव आणि खारी धूळ मिळून लेप बसे, त्यातून वीज कडाडत उडे, म्हणून त्या वाट्या टँकरच्या गोड्या पाण्याने धुवायच्या. माणसांनी मात्र अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. काळे डोंगर फोडताना सुरुंग कमी पडत आणि डोंगर संपले की वाळूची टेकडी चालत यायची.

चालत यायची, हे उगाच म्हणत नाही. किलोमीटर दोनशे चौदाजवळची ती टेकडी वाऱ्याबरोबर सरकत होती. इंजिनियरांनी कुंपणं घातली, खडी पसरली, तेल शिंपडलं. तीन वेळा तिने रुळाचा बांध गिळला. तिसऱ्या वेळी दोन मजूर बांधासकट आत गेले. छावणीत पेडणे, डिचोली आणि सावंतवाडीकडचे मिळून अकरा जण होते. त्यांच्यात सगुण वयाने मोठा. सगळे म्हणाले, दादा, देवाला गाऱ्हाणं घाल.

आता त्या वाळवंटाचा धनी कोण, हे यांना काय ठाऊक? सगुणने आपल्याच गावच्या राखणदाराला हाक मारली. छावणीतल्या कणकेचा रोट केला, विडी ठेवली, आणि टेकडीकडे तोंड करून म्हणाला, म्हाराजा, तुझी लेकरं परमुलखात पडली आहेत, ये आणि ही सीमा राख. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. त्या दिवसापासून टेकडी हलली नाही. इंजिनियरांनी श्रेय नव्या भिंतीला दिलं. देऊ देत बापडे. मार्ग पुरा झाला, गाड्या धावू लागल्या.

शनिवारी सकाळी सगुण वहाणा घेऊन थळावर गेला. सोबत शांताराम जल्मी होते, गावच्या देवकार्याचा पिढीजात मान असलेले, सत्तरीचे, कमी बोलणारे. सगुणने नव्या वहाणा दगडापुढे ठेवल्या आणि जुन्या उचलायला वाकला. तिथे एक नव्हे, दोन जोड होते. त्याने एक वहाण उलटी केली. तळावर विकणाऱ्याची खडूची खूण अजून स्वच्छ होती.

"काका, ह्यो नव्योच आसात."

"त्यो गेल्या वर्साच्यो," जल्मी म्हणाले. "आनी त्यो दुसऱ्यो, त्याच्या आदल्या वर्साच्यो."

"पण… झिजूंक नाय त्यो."

"नाय. दोन वर्सां तो भोंवूंक नाय, सगुणा. पाळी आशिल्ल्यांक सोडून गांवांत हांवें कोणाक सांगूंक नाय. लोक भियेतले."

वारा पडलेला होता. सड्यावर एप्रिलचं ऊन होतं आणि पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास येत होता. जल्मींनी हलक्या आवाजात सांगितलं, की राखणदार फिरेनासा झाल्यापासून दोन वर्षांत तिघांना सड्यावर चकवा लागला. दोघे चार-चार दिवसांनी परत आले, ते मुके होऊन. तिसरा आलाच नाही.  आपण तिकडे काय केलं, ते सगुणने जल्मींना सगळं सांगून टाकलं.

जल्मींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अवधी सांगललो?"

"कसलो अवधी?"

इथेच सगळं फसलं होतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने शेवटी दोन गोष्टी सांगायच्या असतात, कुठवर यायचं आणि काम झालं की केव्हा आपल्या थळावर परतायचं. पण ते शेवटचं बोलणं घालणारा पुटपुटत बोलतो, आणि तोवर मागच्या मंडळींचं लक्ष प्रसादाकडे गेलेलं असतं. सगुणने जन्मभर मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" एवढंच म्हटलं होतं. पुढे उभं राहिलेल्याचे ते चार शब्द त्याच्या कानावर कधी पडलेच नव्हते.

"तुवें ताका थंय व्हेलो," जल्मी म्हणाले. "परत धाडूंक नाय."

दोघे उतरणीला लागले तोच सगुणची बायको कमलाक्षी धापा टाकत वर येताना दिसली. सासूबाई पहाटे काजू वेचायला सड्यावर गेल्या त्या अजून आल्या नाहीत, असं ती सांगत होती. सगुणची आई सत्यवती अडुसष्ट वर्षांची. लग्न होऊन आल्यापासून त्या सड्यावर रोजची तिची ये-जा. ती वाट चुकेल असं कोणी म्हटलं असतं तर तिनेच त्याची खोड मोडली असती.

अर्ध्या तासात तिची टोपली सापडली. काजू भरलेली, नीट उभी, वर पानांचं झाकण. आई नव्हती. सारा गाव सडा धुंडाळत राहिला. जांभ्या खडकावर पाऊल उमटत नाही. कुत्री टोपलीपर्यंत आली आणि तिथून पुढे जाईनात, शेपूट घालून माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाका मारून मारून सगुणचा घसा बसला. एकदोनदा लांबून आईने ओ दिल्यासारखं वाटलं, पण आवाज कुठल्या बाजूचा ते कळेना. तो आवाज खडकाच्या खालून आल्यासारखा होता.

रविवारी साडेपाचच्या सुमाराला जल्मींनी त्याला एका बाजूला घेतलं.

"ताका परत हाडूंक जाय. दीस बुडच्या आदीं. मागीर ती मेळची नाय."

"हाडा मां, काका. हंयच गाऱ्हाणें घाला."

"हंय घालून कितें करूं? जंय बोलायलो, थंयसून धाडूंक जाय. थंय कोण आसा तुजो?"

दिवस बुडायच्या आत राखणदाराला परत आणायचं, तर जिथे बोलावलं तिथूनच धाडावं लागणार, आणि त्यासाठी तिथे आपलं कोणी हवं. होता एक. त्या अकरांतला एकच जण अजून तिकडे होता, मधुकर, सगुणच्या धाकट्या बहिणीचा, प्रभावतीचा नवरा. मांद्र्याचा, एकतीस वर्षांचा, हसतमुख. नोकरी सगुणनेच लावून दिली होती. आता त्याचं काम एकच होतं. दोनशे चौदाजवळच्या खोपट्यात एकट्याने राहायचं आणि रुळाशेजारी वाळू किती चढली ते रोज कळवायचं.

सगुणने फोन काढला. जल्मींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"एक आयक. हंयचें थळ ताजेंच, तें ताजी वाट पळयता. थंय परमुलखांत एकदां राखणीक बसलेलें थळ रितें रावना. तो उठलो जाल्यार ताज्या जाग्यार दुसरो बसतलो."

"दुसरो कोण?"

"जो मुखार आसतलो तो." जल्मींनी नजर वळवली. "ताका सांग. सांगून मागीर विचार."

राखणदार उठला की पुढ्यात उभा असेल तो त्याच्या जागी अडकणार, हे सगुणने मधुकरला सांगायला हवं होतं. पण आई सड्यावर हरवून रात्र उलटली होती, दुसरा दिवस कलत होता, आणि ज्याच्यामुळे ती हरवली तो मुलगा फोन हातात घेऊन उभा होता. अशा माणसाने खरं बोलावं असं म्हणणं सोपं आहे, आणि त्याने ते बोलायलाच हवं होतं हेही तितकंच खरं आहे. तो बोलला नाही.

फोन लागला. तिकडे दुपार होती.

"मधू, खंय आसा तूं?"

"खोपींत. कितें जालें, दादा? आवाज कसो तुजो?"

सगुणने आईचं सांगितलं. मधुकरने मध्ये एक शब्दही विचारला नाही. सासूवर त्याचा जीव होता. रोट नाही, नारळ नाही, पण खजूर आहेत आणि एक सिगारेट आहे, चालेल का, एवढंच तो म्हणाला. जल्मींनी मान हलवली. मधुकर बाहेर पडला. फोनमध्ये वारा घोंघावू लागला आणि वाळूचे कण फोनवर तडतडत आपटलेले इथे ऐकू येऊ लागले.

"पावलों. भिंतीलागीं आसा. टेकडी मुखार आसा."

जल्मी एकेक वाक्य सांगत गेले, सगुण ते फोनमध्ये म्हणत गेला, आणि हजारो कोसांवर मधुकर एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणत राहिला. म्हाराजा, लेकरांची चूक पोटात घाल. म्हाराजा, तुझं काम झालं. तुझं थळ रितं आहे, तुझी माणसं वाट चुकतात. आजच्या दिवशी, या घडीला, आपल्या सीमेवर परत चल…

फोनमधला वारा एकदम थांबला.

"दादा," मधुकर हळूच म्हणाला, "कोणतरी येता."

"कोण?"

"कुंपणाच्या कुशीन चलून येता. म्हातारो. ह्या उन्हांत कांबळें घेतलां तेणें… पांयांत कांय नाय. पांय सोलून गेल्यात ताचे."

सगुणने जल्मींकडे पाहिलं. जल्मींचे डोळे मिटलेले होते.

"म्हज्या मुखार उबो आसा," मधुकर कुजबुजला. "उलयना. दादा… काठी म्हजेकडेन धरता. घेवूं?"

सड्यावर पाखरू ओरडत नव्हतं. ऊन उतरत चाललं होतं. सगुणला प्रभावती आठवली, तिच्या लग्नात मधुकरने सगळ्या वऱ्हाडाला हसवून बेजार केलं होतं ते आठवलं. आणि तेवढ्यात पुन्हा लांबून, खोलातून, आईची हाक आली. ती त्याला नावाने हाक मारत होती.

"दादा, घेवूं मरे?"

"घे," सगुण म्हणाला.

फोन बंद पडला. सगुण तसाच उभा राहिला, कानाला फोन लावून. मग खडकावर ठक्‌ असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा, आधीपेक्षा जवळ. काठी टेकत कोणीतरी धिम्या चालीने सड्यावरून येत होतं, आणि डोळ्यांना मात्र मोकळा खडकच दिसत होता. जल्मींनी सगुणला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मान वर करू दिली नाही. आवाज त्यांच्या शेजारून गेला. कांबळ्याचा ओला लोकरी वास आला आणि गेला. सगुणने डोकं वर काढलं तेव्हा तिन्हीसांजेच्या उजेडात आई चालत येत होती.

तिला घरी आणली, ओट्यावर बसवली, तांब्याभर पाणी दिलं. ती ते एका दमात प्यायली. तळपाय भाजून फोडांनी भरले होते. कमलाक्षीने तिचं लुगडं झटकलं तर नेसूच्या घड्यांतून बारीक, पिवळसर वाळू ओट्यावर सांडली. जवळच्या केरीच्या किनाऱ्याची वाळू ती नव्हे. सगुणने ती तीन वर्षं ताटातून आणि अंथरुणातून झाडली होती.

"खंय गेल्ली गो आये?" त्याने विचारलं.

"खंय तें माका कळूंक नाय," सत्यवती म्हणाली. "झाड म्हणून नाय. लोखणाचे दोन रूळ, वयर तारो, आनी चलीत रावल्यार सोंपनात. मदींच वाऱ्यासारकें कितेंतरी आंगावयल्यान गेलें. मागीर तो म्हातारो मुखार चलूंक लागलो. ताज्या फाटल्यान आयलें." ती थांबली. "पुता, मधू कित्याक रडतालो थंय? हांवें हाक मारली ताका. फाटीं वळून पळेना जालो."

सगुण ओट्यावरून उठला. तो आत गेला आणि मधुकरचा नंबर फिरवत राहिला. तो रात्रभर लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रभावती आठवड्याने मांद्र्याहून माहेरी आली, रडून डोळे सुजलेली. नवरा फोन घेत नाही. सगुणने तिला काय सांगावं? त्याने सांगितलं की तिथे कधीकधी रेंज जाते. तिने मोडक्यातोडक्या हिंदीत कंपनीच्या कचेरीत फोन लावला. तिथला कारकून हसला. बाई, तुमचा माणूस हरवलाय असं कोण म्हणतं? खोपट्यात हजेरीचं यंत्र आहे, सकाळ-संध्याकाळ अंगठा लावावा लागतो. त्याचा अंगठा रोज लागतो, एक खाडा नाही. आणि काम तर असं, की रुळावर वाळूचा कण सापडत नाही.

"मागीर तो फोनार उलयना कित्याक?" प्रभावतीने दादाला विचारलं. सगुणने पुन्हा रेंजचंच कारण सांगितलं. आपल्याला आई मिळाली आणि बहिणीचा नवरा गेला, हे त्याला कळत होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने झाल्या होत्या. त्याला जेवण जाईना. आईच्या हातचा चहा घेताना तो तिच्या डोळ्यांत पाहायचं टाळू लागला.

दीड महिना झाला. सगुणची सुटी संपत आली होती, आणि आपण परत जाणार नाही असं त्याने घरात सांगून टाकलं होतं. एका सकाळी प्रभावती रिक्षातून उतरली ती धावतच ओट्यावर आली. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

"दादा, तो येता! सुटीचो अर्ज केलो तेणें. मंजूर जालो. कंपनीन फोटो धाडलो, पळे."

तिने फोन पुढे धरला. छापील अर्ज होता. मधुकरचं नाव, किलोमीटर दोनशे चौदा, आणि खाली निळ्या शाईतला त्याचा अंगठा. त्याच्याखाली, सुटीच्या काळात जागेवर कोण राहणार त्या बदलीच्या माणसाचं नाव लिहायची ओळ होती. तिथे लिहिलं होतं, सगुण परब.

"तुजें नांव दिलां तेणें," प्रभावती म्हणाली. "तुका म्हायत आसा म्हणून. वतलो मरे तूं? तूं गेल्याबगर ताका सोडचे नाय."

बदलीच्या माणसाची संमती म्हणून त्याचाही अंगठा लागतो. सगुणने फोटो बोटांनी मोठा केला. दीड महिना तो गावाच्या बाहेर पडला नव्हता, कशावर अंगठा लावला नव्हता. पेडण्याच्या बोगद्यात पत्रा लागून त्याच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण राहिला होता. अर्जावर त्याच्या नावापुढेही एक निळा ठसा होता, आणि त्यात तो व्रण स्पष्ट उमटला होता.